विश्लेषण : कोड ‘शुद्ध’ असला, की वेबसाइट गुगलवर वर येते?

वेबसाइट सुरू झाली, की अनेक दुकानदारांना आणि संस्थांना एखाद्या एजन्सीचा ई-मेल येतो. ‘तुमच्या साइटच्या कोडमध्ये शेकडो चुका आहेत, म्हणून ती गुगलवर मागे पडते.’ सोबत दुरुस्तीचे दरपत्रक असते. पैसे मोजण्यापूर्वी हा दावा तपासायला हवा.

‘शुद्ध’ कोड म्हणजे काय?

वेबपेज एचटीएमएल भाषेत लिहिले जाते. या भाषेचे नियम ठरलेले आहेत. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे ‘व्हॅलिडेटर’ हे मोफत साधन पानातील नियमभंग दाखवते. टॅग बंद न करणे, एकच आयडी दोनदा देणे अशा या चुका असतात. त्यातील बहुतेक चुका ब्राउझर सांभाळून घेतो. चुकलेला कोड कसा वाचायचा, हेही नियमांतच लिहिलेले आहे.

गुगल त्यासाठी गुण देते का?

नाही. व्हॅलिडेटरमध्ये उत्तीर्ण होणे हा क्रमवारीचा निकष नाही, असे गुगलचे मॅट कट्स आणि पुढे जॉन म्युलर यांनी स्पष्ट केले आहे. शिवाय शून्य चुका असलेले पानही शोधातून गायब होऊ शकते. साइट तयार होत असताना घातलेली ‘नोइंडेक्स’ ही सूचना काढायची राहिली, तर कोड शुद्धच ठरतो. पण गुगल ते पान दाखवत नाही.

मग कोणती चूक महागात पडते?

गुगलच्या वाचनात अडथळा आणणारी. पानाच्या ‘हेड’ भागात शीर्षक आणि शोधयंत्रासाठीच्या सूचना असतात. तिथे चित्र किंवा आयफ्रेम घुसली, तर ‘हेड’ तिथेच संपला असे गुगल मानते आणि त्या भागातील पुढच्या सूचना वाचत नाही. दुसरी चूक लिंकची. ‘एचरेफ’ नसलेल्या, केवळ जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या बटणामागची पाने गुगलला सापडतीलच असे नाही.

मराठी साइट्सनी याचा मोठा फटका सोसला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक साइट्स ‘शिवाजी’सारख्या फॉन्टमध्ये असत. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली अक्षरे रोमन असत. साहजिकच मराठीत शोधणाऱ्याला ती पाने सापडत नसत.

मग शुद्ध कोडचा उपयोग काय?

माणसांसाठी आहे. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये केली, तर अंध वाचकांचे स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडू शकते. भाषा ओळखण्यासाठी गुगल मात्र ही नोंद वापरत नाही, मजकूरच पाहते. नीटनेटका कोड पुढच्या डेव्हलपरलाही लवकर समजतो.

एजन्सीला काय विचारावे?

चुकांचा आकडा बाजूला ठेवा. ‘यातील कोणत्या चुकीमुळे माझे कोणते पान गुगलला वाचता येत नाही, ते सर्च कन्सोलमध्ये दाखवा,’ असे सांगा. गुगलचे हे साधन मोफत आहे आणि गुगलला पान कसे दिसले, हे त्यात कळते. दाखवता आले, तर खर्च योग्य. नाहीतर तेच पैसे चांगला मजकूर लिहून घेण्यावर खर्च करा.