रोड बाइकचे क्लिप-ऑन मडगार्ड

क्लिप-ऑन मडगार्ड म्हणजे सायकलच्या सांगाड्याला बोल्टने कायमचे न जोडता रबरी पट्ट्या, केबल टाय किंवा छोट्या पकडींच्या साहाय्याने बसवले जाणारे, काढता-घालता येणारे मडगार्ड होय. कायमस्वरूपी मडगार्डसाठी लागणारी छिद्रे आणि चाकाभोवतीची मोकळी जागा अनेक रोड बाइकना नसते. अशा सायकलींसाठी ते प्रामुख्याने वापरले जाते. त्याची निवड दोन मापांवर अवलंबून असते. टायर आणि ब्रेक यांच्यातील फट किती आहे, यावरून कोणते मडगार्ड बसू शकेल हे ठरते. मडगार्डचे खालचे टोक जमिनीच्या किती जवळ येते, यावरून त्याचा प्रत्यक्ष उपयोग ठरतो. पालघर जिल्ह्यातील वसई-विरारसारख्या, जून ते सप्टेंबर हे चार महिने पावसात जाणाऱ्या किनारी प्रदेशात हा भाग सायकलस्वाराच्या आरोग्याशी व सुरक्षिततेशीही निगडित आहे.

पार्श्वभूमी

भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या २८ इंची चाकांच्या काळ्या सायकलींवर पोलादी पत्र्याचे पूर्ण लांबीचे मडगार्ड कारखान्यातूनच बसवलेले असते. सोनीपत येथे १९५१ साली सुरू झालेली ॲटलस आणि लुधियाना येथे १९५६ साली सुरू झालेली हीरो या कंपन्यांच्या साध्या सायकली याच बांधणीच्या होत्या. मागील मडगार्डच्या शेवटी रंगवलेला पांढरा पट्टा व लाल परावर्तक हे या सायकलींचे परिचित लक्षण आहे.

रोड बाइकची बांधणी वेगळ्या हेतूने केलेली असते. वजन कमी राहावे आणि चाक सांगाड्याच्या जवळ यावे म्हणून पुढचा चिमटा, म्हणजेच फोर्क, अरुंद ठेवला जातो. टायरची रुंदी बहुधा २३ ते २८ मिलिमीटर असते. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या सायकलींत मधल्या बोल्टपासून ब्रेकच्या रबरापर्यंतचे अंतर सामान्यतः ३९ ते ४९ मिलिमीटर असते. मडगार्डसाठी जागा सोडणाऱ्या लांब बाहूंच्या ब्रेकमध्ये हेच अंतर ४७ ते ५७ मिलिमीटर असते. या थोड्याशा फरकामुळे साध्या सायकलीवर सहज बसणारे मडगार्ड रोड बाइकवर बसत नाही. डिस्क ब्रेकच्या अलीकडील रोड बाइकमध्ये टायरच्या वर ब्रेक नसल्याने जागा तुलनेने अधिक मिळते.

पाणी उडण्याची प्रक्रिया

ओल्या रस्त्यावरून फिरणारे टायर पाण्याचा पातळ थर उचलते. हे पाणी टायरपासून सुटताना चाकाच्या स्पर्शरेषेच्या दिशेने, म्हणजे त्या बिंदूची गती ज्या दिशेला असेल त्या दिशेला फेकले जाते. चाकाचा मागचा भाग वर जात असल्याने तेथून सुटलेले थेंब वर उडतात. माथ्यावरून सुटलेले थेंब पुढे जातात. जमिनीलगत सुटलेले थेंब मागच्या बाजूस फेकले जातात.

वेगाचा परिणाम येथे मोठा असतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने चालणाऱ्या सायकलच्या चाकावरून सरळ वर उडालेला थेंब, हवेचा अवरोध वगळल्यास, सुटलेल्या जागेपासून सुमारे ०.९ मीटर वर जाऊ शकतो. ताशी २५ किलोमीटर वेगाला हीच उंची सुमारे २.५ मीटर होते. सावकाश चालणाऱ्या साध्या सायकलीपेक्षा रोड बाइकवर स्वार अधिक भिजतो, याचे कारण हेच आहे.

मागच्या चाकाचे पाणी स्वाराच्या पाठीवर आणि सीटवर येते, तसेच मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या तोंडावर उडते. पुढच्या चाकाचे पाणी पावले, साखळी आणि पेडलांच्या मधल्या आसावर आदळते. सांगाड्याच्या खालच्या तिरक्या नळीवर बसवलेल्या पाण्याच्या बाटलीच्या तोंडालाही तेच लागते. वेगात असताना पुढच्या चाकाच्या माथ्यावरून उडालेल्या पाण्यात स्वार स्वतःच शिरतो.

वसई-विरारमधील परिस्थिती

वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना ३ जुलै २००९ रोजी झाली. या परिसराच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. डोंगरावरून येणारे पाणी सखल भागातून, मिठागरांतून आणि खाड्यांतून समुद्राकडे जाते. भरतीच्या वेळी जोरदार पाऊस झाल्यास पाण्याचा निचरा मंदावतो. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत नालासोपारा-वसई भागात रेल्वेमार्गावर पाणी साचून पश्चिम रेल्वेची वाहतूक विस्कळीत झाली होती.

येथील सायकलस्वाराला एकाच फेरीत निरनिराळे रस्ते लागतात. पश्चिमेकडे वाड्यांमधून जाणारे अरुंद रस्ते निर्मळ, भुईगाव, अर्नाळा व वसई किल्ल्याकडे जातात. पूर्वेकडे मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता यांवर अवजड वाहनांची वर्दळ असते. वाडीतील रस्त्यावर पाला व ओली माती, महामार्गावर तेलमिश्रित काळा चिखल, तर खाडीलगत खारे पाणी असते. खाऱ्या पाण्याने साखळी, बोल्ट आणि ब्रेकच्या तारा लवकर गंजतात.

साचलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि त्यात लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगाचे जंतू असू शकतात. उडणारे पाणी डोळ्यांत, तोंडात किंवा बाटलीच्या तोंडावर जाऊ नये, हा मडगार्ड वापरण्यामागील एक महत्त्वाचा हेतू आहे. मात्र चाक बुडेल इतक्या पाण्यातून सायकल नेल्यास मडगार्डने कोणतेही संरक्षण मिळत नाही.

प्रकार

सीटखालील पट्टी: लवचीक प्लास्टिकची ही पट्टी सीटच्या खालच्या सळ्यांमध्ये अडकवतात. ती अतिशय हलकी असते व कोणत्याही सायकलीवर बसते; परंतु तिच्यामुळे स्वाराची पाठच तेवढी वाचते.

अर्धे मडगार्ड: हे चाकाच्या माथ्यावरील व मागील भाग झाकते. ते फोर्कच्या दोन बाहूंना आणि मागील आसापासून सीटकडे जाणाऱ्या दोन नळ्यांना रबरी पट्ट्यांनी बांधले जाते. ब्रेकच्या खालून ते जात नसल्याने कमी फटीच्या सायकलीवरही बसते, मात्र ब्रेकजवळ थोडा भाग उघडा राहतो.

पूर्ण लांबीचे क्लिप-ऑन मडगार्ड: याच्या काड्या चाकाच्या आसाजवळ बसवलेल्या छोट्या पकडींत अडकतात आणि वरचा भाग ब्रेकच्या बोल्टला धरलेला असतो. पकडी सायकलीवरच राहतात व मडगार्ड काही मिनिटांत काढता येते. जर्मनीतील झुंडर्न येथे १९२१ साली स्थापन झालेल्या एसकेएस या कंपनीची ‘रेसब्लेड’ मालिका क्लिप-ऑन प्रकारात विशेष परिचित आहे.

निवडीचे निकष

फट: टायर आणि ब्रेक यांच्यातील, तसेच टायर आणि फोर्कच्या माथ्यातील अंतर प्रथम मोजावे लागते. ५ मिलिमीटरची ॲलन की या फटीतून मोकळेपणाने जात नसेल, तर ब्रेकखालून जाणारे मडगार्ड टाळणे श्रेयस्कर असते. अवघड जागी मळलेल्या कणकेची छोटी गोळी ठेवून चाक सावकाश फिरवले आणि दबलेल्या गोळीची जाडी मोजली, तरी फट कळते.

रुंदी: मडगार्ड टायरपेक्षा साधारण ८ ते १० मिलिमीटर रुंद असावे. टायरवर छापलेली रुंदी आणि रिमवर चढवून हवा भरल्यानंतरची रुंदी यांत फरक पडू शकतो; म्हणून प्रत्यक्ष मापच ग्राह्य धरावे.

खालचे टोक: पुढच्या मडगार्डचे मागील टोक आसाच्या पातळीच्या बरेच खाली आले, तरच पावले व साखळी कोरडी राहतात. मागच्या मडगार्डचे टोक जितके खाली, तितका मागील स्वाराला फायदा अधिक. लांबी अपुरी असल्यास टोकाला रबरी फ्लॅप जोडता येतो. रस्त्यावर खड्डे व गतिरोधक असल्याने तो जमिनीला घासणार नाही, एवढे अंतर ठेवणे आवश्यक असते.

सांगाड्याचा आकार: रबरी पट्ट्या गोल नळीवर चांगल्या बसतात, चपट्या, रुंद फोर्कवर त्या अपुऱ्या पडू शकतात. डिस्क ब्रेकच्या सायकलीत ब्रेकची पकड काडीच्या वाटेत येते, त्यामुळे त्या बांधणीसाठी सुचवलेले मडगार्डच निवडावे.

जोडणीची पद्धत

प्रथम चाक सांगाड्याच्या बरोबर मध्ये आहे आणि फिरताना डुलत नाही, याची खात्री केली जाते. चाक वाकडे असल्यास मडगार्ड कितीही नीट बसवले तरी ते घासते. त्यानंतर पट्ट्या येतील ती जागा धुऊन कोरडी केली जाते. चिकटलेली वाळू पट्टीखाली राहिल्यास रंग खरवडला जातो. कार्बनच्या सांगाड्यावर अशी झीज विशेष हानिकारक असते. त्यासाठी पट्टीखाली पारदर्शक चिकटपट्टी किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा लावण्याची पद्धत आहे.

मडगार्ड आधी सैल बसवून चाकाच्या वक्रतेशी जुळवले जाते. टायरपासूनचे अंतर सर्वत्र सारखे ठेवणे इष्ट असते. काड्यांची लांबी दोन्ही बाजूंना सारखी करून मगच स्क्रू घट्ट करतात. काडीचे जास्तीचे टोक कापून त्यावर प्लास्टिकची टोपी बसवली जाते. कार्बनच्या भागावर पकड आवळताना बेताचाच जोर द्यावा लागतो.

जोडणी झाल्यावर चाक हाताने फिरवून आवाज ऐकावा, ब्रेक दाबून पाहावा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. लहान मापाच्या सांगाड्यात पेडल पुढे असताना पायाचा अंगठा मडगार्डला लागू शकतो. रेल्वे स्थानकाजवळच्या गर्दीत सावकाश वळण घेताना स्वार पडण्याचे हे एक कारण ठरते. मागचा दिवा व परावर्तक मडगार्डमुळे झाकले जात नाहीत, हेही तपासावे.

सुरक्षितता

सर्वांत गंभीर धोका पुढच्या मडगार्डचा असतो. टायर आणि मडगार्ड यांच्या मध्ये काटकी, नारळाच्या झावळीचा तुकडा किंवा तार अडकल्यास चाक ती वस्तू वर ओढते. मडगार्ड दुमडून चाकात घुसते, चाक एकाएकी थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. हा धोका टाळण्यासाठी काही पूर्ण लांबीच्या मडगार्डच्या काड्यांना ठरावीक ताण येताच सुटणारी पकड दिलेली असते. अशी पकड केबल टायने बांधून टाकल्यास तिचा हेतूच नष्ट होतो. चाकात काही अडकल्याचा आवाज येताच थांबून ती वस्तू काढणे हा सुरक्षित उपाय होय.

सैल झालेली रबरी पट्टीही धोकादायक असते. ऊन व पावसाने रबराला भेगा पडतात. म्हणून प्रत्येक पावसाळ्याच्या आरंभी पट्ट्या तपासून आवश्यक तेथे बदलाव्या लागतात.

देखभाल व मर्यादा

मडगार्डच्या आतील बाजूस साचलेला चिखल वाळला की फट कमी होते व टायर घासू लागते. त्यामुळे पावसातील प्रत्येक फेरीनंतर आतली बाजू गोड्या पाण्याने धुणे हितकारक असते. खाडीकिनाऱ्यावरून आल्यानंतर स्क्रू व काड्याही धुऊन पुसाव्या लागतात.

मडगार्ड असले तरी रिम ओलीच राहते. त्यामुळे रिमवर दाबणाऱ्या ब्रेकने थांबण्यास लागणारे वाढीव अंतर कमी होत नाही. वरून पडणारा पाऊस आणि शेजारून जाणाऱ्या वाहनाने उडवलेले पाणी यांपासूनही ते संरक्षण देत नाही. क्लिप-ऑन मडगार्ड पक्क्या मडगार्डपेक्षा अधिक हलते, खडखडते आणि बहुधा कमी भाग झाकते. पावसाळा संपताच ते काढून सायकल पूर्ववत करता येणे, हा मात्र त्याचा पक्क्या मडगार्डपेक्षा वेगळा गुण आहे.