गाडी घेताना तोंडी शब्दावर विसंबू नका

आठवडी बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याला आणि तयार माल घेऊन गावोगाव जाणाऱ्या कारागिराला गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. धानोरा तालुक्यात तर ती दुकानाचाच एक भाग आहे. मुरूमगाव, पेंढरी, कारवाफा, रांगी, चातगाव अशा दूर दूर विखुरलेल्या गावांत कापड, भांडी, किराणा किंवा लोखंडी सामान पोहोचवायचे तर गाडीवाचून चालत नाही. मात्र चारचाकी गाडी विकत घ्यायची झाली की गडचिरोली, चंद्रपूर नाही तर नागपूर गाठावे लागते. चंद्रपूर म्हणजे गडचिरोलीच्याही पुढे सुमारे ऐंशी किलोमीटर. राहून गेलेल्या एका कागदासाठी किंवा अर्धवट दुरुस्तीसाठी पुन्हा तेथे जायचे म्हणजे एक दिवस, डिझेल आणि त्या दिवसाचा बाजार असे तिहेरी नुकसान होते. गाडी कर्जाची असेल तर हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही.

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे सांगणे एकच आहे. शोरूममध्ये जे बोलले जाते ते कागदावर आले पाहिजे. कायदा आज ग्राहकाच्या बाजूने बराच झुकलेला आहे, पण त्याला बोलके करतो तो कागदच.

व्यापारीही ग्राहक असतो

ग्राहक कायदा घरगुती खरेदीपुरता असतो, धंद्याच्या गाडीला तो लागू नाही, असा समज आपल्याकडे फार आहे. तो अर्धवट खरा आहे. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने वस्तू घेणारा कायद्याने ग्राहक ठरत नाही. परंतु केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू या ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, असे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा मुद्दा उदाहरणे देऊन समजावला होता. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा, स्वतः मालवाहतूक करण्यासाठी ट्रक घेणारा, स्वतः काम करण्यासाठी लेथ मशीन घेणारा हे सर्व ग्राहक आहेत. मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्यांचा हा हक्क जात नाही, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे ‘छोटा हत्ती’ घेऊन स्वतः बाजार करणारा आपला बांधव या कायद्याच्या छत्राखाली येतो. अनेक गाड्या घेऊन त्या नोकरांकडून चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. तक्रारीची वेळ आलीच, तर ही गाडी आपल्या उपजीविकेचे साधन आहे, हे अर्जात स्पष्ट लिहावे.

भाव ठरवताना

शोरूममध्ये सांगितला जाणारा भाव आणि प्रत्यक्ष मोजावी लागणारी रक्कम यांत पुष्कळ अंतर असते. त्यामुळे बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी कोटेशन लेखी घ्यावे. गाडीची किंमत, जीएसटी, वाहन कर, नोंदणी शुल्क, विमा आणि जोडसामान ही प्रत्येक बाब त्यात वेगळी दाखवलेली असावी. मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हेही ध्यानात ठेवावे. ‘हाताळणी खर्च’ किंवा ‘इतर खर्च’ अशी मोघम रक्कम दिसली तर ती कशाची, हे विचारावे आणि तिची पावती मागावी. ग्राहकाला बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे, असे बंधन नाही. दुसरीकडे स्वस्त मिळत असेल तर तेथून घेण्याची मुभा आहे. नव्या खासगी कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा झाला आहे. बाकीचे संरक्षण किती व कोणाकडून घ्यायचे, हे आपण ठरवायचे.

व्याजाचे कर्ज टाळून साठवलेल्या पैशातून गाडी घेणारे बांधव आपल्यात बरेच आहेत. त्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. रक्कम बँकेतून द्यावी. त्यामुळे पैसे दिल्याचा पुरावाही आपोआप तयार होतो.

गाडी ताब्यात घेताना

नव्या गाडीचा आनंद मोठा असतो आणि घाई त्याहून मोठी. त्या घाईत काय निसटू शकते, हे गोव्यातील एका खटल्यावरून समजते. एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून टाटा कंपनीच्या गाडीचे पैसे भरले. हाती आलेली गाडी २००९ ची आणि ६२२ किलोमीटर धावलेली निघाली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल ग्राहकाच्या बाजूने लागले. पुढे १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याच्या या कृत्यातून कंपनीला मोकळे केले. कंपनी विक्रेत्याला गाडी विकून मोकळी होते, तेव्हा विक्रेत्याने केलेली फसवणूक कंपनीला माहीत होती हे दाखवल्याशिवाय तिला जबाबदार धरता येत नाही, असे कारण न्यायालयाने दिले. विक्रेत्यावरील जबाबदारी मात्र कायम राहिली. कंपनीचे नाव मोठे आहे म्हणून डोळे झाकून गाडी घेऊ नये, हा त्याचा धडा.

यासाठी गाडीची नोंदणी होण्यापूर्वीच ती दिवसाउजेडी पाहावी. चासी व इंजिन क्रमांक बिलाशी ताडून घ्यावेत. विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१. त्यात गाडी तयार झाल्याचा महिना व वर्ष असते, ते वाचावे. किलोमीटरचा आकडा, टायर, खालचा गंज, रंगावरील ओरखडे तपासावेत. सवलतीत कबूल केलेली ताडपत्री, कॅरिअर किंवा मोफत सर्व्हिसिंग बिलावर अथवा कोटेशनवर लिहून घ्यावी.

नोंदणी केल्याशिवाय, निदान तात्पुरता क्रमांक मिळाल्याशिवाय, गाडी ग्राहकाच्या हाती देता येत नाही, असा मोटार वाहन नियम आहे. विक्रेता राज्यातलाच असेल तर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज त्यानेच करायचा असतो. गाडी चंद्रपूरची असली तरी आपल्या राहण्याच्या पत्त्यावर गडचिरोलीचा एमएच-३३ क्रमांक मिळू शकतो. ते बुकिंगच्या वेळीच सांगावे.

सर्व्हिसिंगचे दुखणे

खरेदीपेक्षा जास्त मनस्ताप होतो तो पुढे, दुरुस्तीत. समजा, चढाला गाडी ओढत नाही म्हणून बांधवाने ती वर्कशॉपमध्ये नेली. तेथे ऑइल बदलून, धुऊन गाडी परत मिळाली. आठ दिवसांनी तोच त्रास पुन्हा सुरू झाला. असे तीनदा घडले. पण तिन्ही जॉब कार्डांवर फक्त ‘जनरल सर्व्हिसिंग’ लिहिले असेल, तर तो दोष कधी सांगितला होता हेच सिद्ध होत नाही.

म्हणून गाडी देताना दोष आपल्या शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्यावा आणि कार्डाची प्रत जवळ ठेवावी. खर्चाचा अंदाज, गाडी मिळण्याची तारीख व किलोमीटरचा आकडा त्यावर असावा. पैसे घेऊन सुटा भाग बदलला तर जुना भाग मागावा. ‘मोफत’ सर्व्हिसिंगमध्ये बहुधा मजुरीच मोफत असते, ऑइल व फिल्टरचे पैसे पडतात, हे आधी विचारून घ्यावे. ठरलेल्या किलोमीटरवर सर्व्हिसिंग चुकवली तर वॉरंटी नाकारण्यास निमित्त मिळते. बाजाराच्या हंगामात हेच होते.

वॉरंटीकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. मारुती कंपनीच्या एका खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची हमी असेल, तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश त्यातून निघत नाही. तेव्हा वॉरंटीची पुस्तिका खरेदीच्या दिवशीच वाचावी. इंग्रजी अडत असेल तर घरातल्या शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्यावी.

तक्रार कोठे करावी

प्रथम विक्रेत्याला व कंपनीला लेखी कळवावे आणि पोच ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने येथे मोठी सोय केली. गाडी नागपूरला घेतलेली असली तरी ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात, म्हणजे धानोऱ्याच्या बांधवाला गडचिरोलीतच, तक्रार दाखल करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे दहा लाखांपर्यंत २०० रुपये आहे. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’वर ऑनलाइन तक्रारीची सोय आहे आणि सुनावणी व्हिडिओद्वारे मागता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. ‘बघू, करू’ या आश्वासनांवर ती संपू देऊ नये.

शेवटी एक गोष्ट आपल्या गॅरेजवाल्या, वेल्डिंगवाल्या व दुकानदार बांधवांसाठी. शोरूमकडून जे आपण मागतो तेच आपल्या गिऱ्हाइकाचे आपल्याकडे मागणे आहे: लेखी अंदाज, पक्के बिल, बदललेला जुना भाग आणि दिलेल्या तारखेचे पालन. कायदाही दोघांना तोच आहे. वीस गावांचे गिऱ्हाईक ज्याच्याकडे विश्वासाने येते, त्याला मोठ्या शोरूमचे भय बाळगण्याचे कारण नाही.