रानजायफळाची दलदल नकाशावर कशी शोधायची?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, बांबर्डे गावी, रानजायफळाची दलदल आहे. ओल्या चिखलातून गुडघ्यासारखी वाकलेली मुळं वर आलेली दिसतात. पाण्याने भरलेल्या मातीत हवा नसते, म्हणून झाड या मुळांवाटे श्वास घेतं. २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. क्षेत्र जेमतेम २.५९ हेक्टर.

असे वनस्पतिसमुदाय आणखी कुठे असतील, हे शोधायला संगणकी प्रारूपं वापरतात. झाड जिथे सापडलं तिथला पाऊस, तापमान, उंची, उतार पाहायचा आणि तशी परिस्थिती दुसरीकडे कुठे आहे, ते काढून नकाशावर रंगाने दाखवायचं. पद्धत खरोखर उपयोगी आहे. पण तिच्याविषयीचे गैरसमज जंगलाच्या मुळावर येऊ शकतात.

गैरसमज : नकाशावर गडद रंग आहे, म्हणजे तिथे ते जंगल आहेच.

रंग फक्त परिस्थिती अनुकूल असल्याचं सांगतो. केरळात अशा कितीतरी दलदली भातशेतीखाली गेल्या, उत्तर कन्नडात सुपारीच्या बागांखाली. पाऊस तोच, ओढाही तोच, जंगल मात्र नाही. हवामानाच्या आकड्यांत कुणाच्या आजोबांनी लावलेली बाग दिसत नाही. मॅक्सएंटसारख्या लोकप्रिय प्रारूपात ० ते १ मधला आकडा मिळतो. ०.८ आला की 'ऐंशी टक्के खात्री' असं वाचलं जातं, तेही चूक. केवळ 'झाड सापडलं' एवढ्याच नोंदी हाती असतील, तर तो आकडा इथली जागा तिथल्यापेक्षा किती अनुकूल, एवढंच सांगतो.

गैरसमज : रंग नाही, म्हणजे तिथे काही नाही.

मला हा गैरसमज सर्वांत घातक वाटतो, कारण याच्याच आधारे एखादी जागा 'महत्त्वाची नाही' म्हणून सोडून दिली जाऊ शकते. नेहमी वापरले जाणारे हवामानाचे नकाशे साधारण एक किलोमीटर बाजूच्या चौकोनांचे असतात. बांबर्ड्याची दलदल अशा चौकोनाच्या तिसाव्या हिश्श्याएवढीही भरेल न भरेल. संपूर्ण चौकोनाला पावसाचा एकच आकडा. त्यात ओढा कुठे वळतो, पाणी कुठे साचतं, हे येणार कुठून? आणि या दलदलीचं सारं जगणं त्या साचण्यावर आहे. तिच्यासाठी बारीक उंचीनकाशे आणि ओढ्यांचं जाळं प्रारूपात घ्यावंच लागतं.

शिवाय नोंदी येतात त्या बहुधा रस्त्यालगतच्या, जाणं सोपं असलेल्या भागांतून. जिथे कुणी गेलंच नाही, तिथला कोरा कागद 'झाड नाही' असा वाचला जातो.

गैरसमज : समुदाय म्हणजे एकसंध वस्तू, एका झाडाचा नकाशा काढला की झालं.

प्रत्येक जात आपापल्या गरजेनुसार पसरते, असं अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्येच ठामपणे मांडलं होतं. म्हणून काही अभ्यासक प्रत्येक जातीचा नकाशा काढून ते एकावर एक ठेवतात, तर काही जण आधी समुदाय ठरवून मग त्याचा नकाशा काढतात. पहिल्या पद्धतीत एका जागी प्रत्यक्षापेक्षा जास्त जाती दिसण्याचा धोका असतो. दुसरीत दुर्मिळ जाती हरवतात.

गैरसमज : भावी हवामानाच्या अंदाजावरून काढलेल्या २०७० च्या नकाशात अनुकूल जागा दिसते, म्हणजे जंगल तिकडे सरकेल.

जायफळाच्या कुळातलं बी मोठं आणि जड असतं, वाळलं की लवकर मरतं. ते दूर नेणारे धनेशासारखे पक्षी मोजकेच. मधली राई तुटली, तर नकाशातली जागा रिकामीच राहील.

म्हणूनच प्रारूपाने दाखवलेल्या आणि वगळलेल्या, दोन्ही प्रकारच्या जागा पायी तपासायला हव्यात. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई, हीही अशीच दलदल, देवाच्या नावाने टिकली. अशा राया गावकऱ्यांना ठाऊक असतात. तुमच्या गावच्या ओढ्याकाठी चिखलातून वर आलेली मुळं दिसली, तर फोटो काढा, ठिकाण टिपा आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे त्याची नोंद करून घ्या.