मंचभय

मंचभय : श्रोत्यांसमोर कला सादर करताना, किंवा ती वेळ जवळ येऊ लागताच, कलावंताला वाटणारी तीव्र भीती. नट, वक्ते, नर्तक अशा सर्वांनाच ती ग्रासते. प्रस्तुत नोंदीत गायक-वादकांपुरता तिचा विचार केला आहे. मंचभय हे कलेतील कच्चेपणाचे लक्षण समजले जाते, परंतु ही समजूत चुकीची आहे. अपुऱ्या तयारीमुळे वाटणारी धास्ती रास्त असते व रियाजाने ती ओसरते; मंचभय मात्र सिद्धहस्त कलावंतालाही सोडत नाही. विसाव्या शतकातील श्रेष्ठ चेलोवादक पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३) याला ते आयुष्यभर पुरले. १९०१ मध्ये अमेरिकेत डोंगर चढताना वरून निसटलेल्या दगडाने त्याच्या डाव्या हाताची बोटे ठेचली गेली, तेव्हा आता पुन्हा चेलो वाजवावा लागणार नाही, या सुटकेचा विचार त्याच्या मनात प्रथम आला, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. बोटे बरी झाली आणि त्यानंतरही तो अनेक दशके वाजवत राहिला. पियानोवादक व्ह्लादीमिर हॉरोविट्झ (१९०३–८९) हा १९५३ पासून बारा वर्षे जाहीर मैफलींपासून दूर राहिला. त्याची कारणे अनेक असली, तरी मानसिक ताण हे त्यांतील एक होते.

या भीतीची शारीरिक बाजू मराठी भाषेने अचूक टिपली आहे. तोंडचे पाणी पळणे, हातपाय गळणे, पोटात गोळा येणे, छातीत धडधडणे हे वाक्प्रचार म्हणजे अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या उद्दीपनाचे वर्णनच होय. संकट समोर दिसताच अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके व श्वसन वाढते, लाळ आटते, रक्तप्रवाह त्वचेकडून व पचनमार्गाकडून मोठ्या स्नायूंकडे वळतो. झुंजण्यासाठी किंवा पळण्यासाठी होणारी ही सिद्धता अमेरिकन शरीरक्रियाविज्ञ वॉल्टर कॅनन (१८७१–१९४५) याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी विशद केली. गायक-वादकाची अडचण अशी, की त्याला झुंजावयाचेही नसते आणि पळताही येत नाही. एका जागी बसून अत्यंत नाजूक हालचाली कराव्या लागतात. त्यामुळे भीतीचा घाव ज्याच्या त्याच्या साधनाप्रमाणे पडतो. व्हायोलिनवादकाचा गज द्रुत तानांत टिकून राहतो, पण संथ, हळुवार व दीर्घ स्वरात थरथरतो. बासरीवादकाचे ओठ सुकतात व फुंकेची दिशा चुकते. सतारीच्या तारेवर घामेजलेले बोट मिंडीच्या वेळी नेमके ठरत नाही. गायकाचा श्वास पोटाऐवजी छातीच्या वरच्या भागात अडकतो, परिणामी दमसास तोकडा पडतो आणि तार षड्जावरील ठेहराव डळमळतो.

अशा उद्दीपनाने कामगिरी नेहमी बिघडतेच, असे नाही. उद्दीपन मध्यम असता कामगिरी उत्तम होते, अत्यल्प वा अतिरिक्त असता ती ढासळते, असा सिद्धांत रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांच्या १९०८ मधील उंदरांवरील प्रयोगांवरून पुढे मांडला गेला. काम जितके गुंतागुंतीचे, तितके अतिरिक्त उद्दीपन लवकर बाधते. १९६५ मध्ये रॉबर्ट झायॉन्स याने असे प्रतिपादन केले, की इतरांच्या उपस्थितीत माणसाकडून त्याची सर्वांत दृढ झालेली प्रतिक्रिया घडते. म्हणून अंगवळणी पडलेले काम प्रेक्षकांसमोर अधिक चांगले होते व अर्धवट शिकलेले अधिक वाईट. संगीतशिक्षकांना ही गोष्ट अनुभवाने पूर्वीपासून ठाऊक आहे. नवी बंदिश बैठकीत आयत्या वेळी घेऊ नये, हा जुना सल्ला त्याच अनुभवातून आलेला आहे.

तथापि पक्के बसलेले कामही भीतीने विसकटते, याचा उलगडा लक्षाच्या दिशेत सापडतो. सायन बायलॉक व टॉमस कार यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोल्फच्या प्रयोगांतून असे दिसले, की दडपणाखाली कुशल खेळाडू स्वतःच्या हालचालींवर पहारा करू लागतो आणि सवयीने सहज होणारी क्रिया सुटी सुटी होऊन अडखळते. वादकाचेही असेच घडते. वर्षानुवर्षे आपोआप पडणाऱ्या बोटाकडे तो पाहू लागला, की तेच बोट चुकते. मंचभयाचा खरा उपद्रव धडधडीत नसून या पहाऱ्यात आहे, आणि उपायांचा विचार करताना हेच ध्यानात ठेवावे लागते.

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एकल वादकावर हा भार विशेष असतो. फ्रान्झ लिस्ट व क्लारा शूमान यांच्या काळापासून लिखित रचना स्मरणातून वाजवण्याची प्रथा रूढ झाली. त्यामुळे पहिला स्वरही अचूक हवा आणि मधला एकही विसरता कामा नये, अशी स्थिती असते. हिंदुस्थानी मैफलीची घडण याहून निराळी आहे. कलावंत श्रोत्यांसमोरच तंबोरे जुळवतो, साजिंद्यांशी दोन शब्द बोलतो, विलंबित आलापीतून आवाज तापू देतो. समोरून येणारी दाद त्याला सावरते. भीतीचा पहिला लोट ओसरण्यास हा अवधी पुरेसा असतो. उलट येथे रचना आधी पूर्ण ठरलेली नसल्याने ऐनवेळी काही न सुचण्याचे भय असते. समेवर येताना झालेली चूक तर सामान्य श्रोत्यालाही कळते.

गुरुशिष्य परंपरेत या भीतीवर एक उपाय नकळत योजलेला होता. शिष्य प्रथम गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसे; गुरूने खूण केली, की दोन-चार स्वर लावी; पुढे एखादी तान त्याच्या वाट्यास येई; स्वतंत्र बैठक पुष्कळ नंतर. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे याने भीतिग्रस्तांसाठी जी क्रमशः असंवेदनीकरणाची उपचारपद्धती मांडली, तिचेही तत्त्व हेच, की भीतीच्या विषयाशी सौम्य प्रसंगापासून तीव्र प्रसंगापर्यंत पायरीपायरीने परिचय करून द्यावा. महाराष्ट्रात भजनी मंडळे, देवळांतील उत्सव व गणेशोत्सवातील छोटे कार्यक्रम यांनी अशा पायऱ्या पुरवल्या. त्या न चढता पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या (प्रारंभ १९५३) हजारोंच्या श्रोतृसमुदायापुढे, किंवा दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत, एकदम उभे राहावे लागणे हे तरुण कलावंताच्या दृष्टीने अहिताचे होय.

रियाजातही मंचाची तयारी अंतर्भूत करता येते. घरच्या चार माणसांसमोर, कार्यक्रमाच्या वेषात व बैठकीत, न थांबता संपूर्ण कार्यक्रम सादर करावा. चूक झाली तरी मागे न जाता पुढे जाण्याचा स्वतंत्र सराव करावा. प्रारंभी अत्यंत परिचित राग किंवा रचना घ्यावी. श्वास सावकाश सोडण्याने हृदयाची गती काहीशी उतरते. लक्ष बोटांवरून काढून तंबोऱ्याच्या नादावर, लयीवर वा सहवादकावर ठेवावे. साथीदार या दृष्टीने सुदैवी, कारण त्याला सतत दुसऱ्याचे ऐकावेच लागते. शांत हो, असे स्वतःस बजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स हिच्या २०१४ मधील प्रयोगांत, गाण्यापूर्वी स्वतःच्या धडधडीस ‘उत्साह’ म्हणणाऱ्यांचे गाणे, तिला ‘चिंता’ म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक ठरले.

कार्यक्रमांच्या बिदागीवर उपजीविका करणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट असतो. ऑर्केस्ट्रातील वादक किंवा साथीदार आपली भीती बोलून दाखवत नाही. बोलल्यास पुढचे बोलावणे दुसऱ्याला जाईल, अशी शंका त्याला असते. मग गुपचूप उपाय शोधले जातात. त्यांपैकी मद्य सर्वांत जुने व सर्वांत घातक. त्याने भीती तात्पुरती बोथट होते, पण लय, श्रुतिभान व स्मरण यांनाही तीच बाधा होते, आणि प्रत्येक कार्यक्रमागणिक मात्रा वाढत जाते. दुसरा उपाय बीटारोधक औषधांचा. १९७७ मध्ये इंग्लंडमधील २४ तंतुवाद्यवादकांवर ऑक्सप्रेनोलॉल या औषधाचा प्रयोग झाला. कोणाला औषध व कोणाला निष्क्रिय गोळी दिली, हे वादक व परीक्षक या दोघांपासूनही गुप्त राखले होते. औषध घेतल्यावर कंप घटला व वादन सुधारले. अधिक घाबरणाऱ्यांत सुधारणा अधिक दिसली. अमेरिकेतील वाद्यवृंदांत १९८७ मध्ये झालेल्या पाहणीत सु. २,२०० वादकांपैकी २७ टक्क्यांनी अशी औषधे घेत असल्याचे नमूद केले आणि अनेकांनी ती वैद्याच्या सल्ल्याविना घेतली होती. ही औषधे हाताचा कंप व हृदयाची धडधड रोखतात. चिंतेच्या विचारांवर त्यांचा प्रभाव अल्प असतो. दमेकऱ्यांना ती धोकादायक असून मंद नाडी किंवा कमी रक्तदाब असणाऱ्यांनाही ती अपाय करू शकतात. म्हणून सहकाऱ्याने पुढे केलेली गोळी घेणे सर्वथा अयोग्य होय.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ मधील वर्गीकरणात, केवळ सादरीकरणापुरती मर्यादित असलेली भीती हा सामाजिक चिंताविकाराचा एक प्रकार म्हणून नोंदवला आहे. कार्यक्रमाच्या कित्येक दिवस आधीपासून झोप व भूक उडणे, आलेली निमंत्रणे वारंवार नाकारणे किंवा पेल्यावाचून मंचावर जाताच न येणे, अशी लक्षणे दिसू लागल्यास मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो. चुकीविषयीच्या अवास्तव कल्पना तपासणे आणि क्रमाक्रमाने श्रोत्यांसमोर जाणे यांची सांगड घालणारी बोधात्मक वर्तनचिकित्सा अशा रुग्णांना बहुधा गुणकारी ठरते. तिला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि त्या काळात कार्यक्रम पूर्णपणे बंद ठेवणे इष्ट मानले जात नाही.