हेर गेला, पण नेटही गेले

संगणक आता गावाला नवा राहिलेला नाही. त्यावर सातबारा निघतो, दाखले निघतात. पण या संगणकात कधी कधी हेर शिरतो, बरं का! हा हेर माणूस नव्हे. तो एक लबाड प्रोग्रॅम असतो. त्याला स्पायवेअर म्हणतात. फुकटच्या खेळाबरोबर तो आत येतो. मग आपण काय लिहितो, काय पाहतो, ते गुपचूप बाहेर कळवतो.

हेर सापडला. तो काढून टाकला. आता सगळे ठीक व्हावे ना? पण होते भलतेच. इंटरनेटच बंद पडते! लोक म्हणतात, "हेर होता तेच बरं होतं."

असे का होते? विहिरीचे पाणी दांडाने मळ्यात जाते. समजा, एका लबाडाने रात्री दांड फोडला. पाणी आपल्या वावरातून फिरवून पुढे तुमच्या मळ्यात सोडले. पाणी येतंय, म्हणून तुम्हाला पत्ता नाही. पुढे तो पकडला गेला. त्याच्या वावरातली वाट बुजवली. पण फुटलेला दांड तसाच! मग पाणी कसे पोचणार? हेरही असाच वाटेत बसतो. त्याला काढले की वाट तुटते.

एक खरी गोष्ट सांगतो. संगणकाला कुठे जायचे असले, की तो एका वाटाड्या संगणकाला पत्ता विचारतो. 'डीएनएस चेंजर' नावाच्या प्रोग्रॅमने हा वाटाड्याच बदलला. शंभरावर देशांतले सुमारे ४० लाख संगणक फसले. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास खात्याने ठकांचे वाटाडे ताब्यात घेतले. ते लगेच बंद केले असते, तर लाखो लोकांचे नेट गेले असते. म्हणून कोर्टाच्या हुकुमाने त्यांच्या जागी चांगले वाटाडे बसवले. ते ९ जुलै २०१२ ला बंद झाले. तोवर ज्यांनी दुरुस्ती केली नव्हती, त्यांचे नेट त्या दिवशी गेले.

तेव्हा नेट गेले म्हणून सगळा संगणक पुसून घेण्याची घाई करू नका. तुमचे कागद, फोटो त्यातच असतात. आधी त्याच वायफायवर मोबाईल चालतो का, ते बघा. चालला, तर लाईन ठीक आहे.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडा. तिथे 'प्रॉक्सी' असते. हेर पुष्कळदा तिथे आपला पत्ता घालून ठेवतो. ती बंद करा. (कचेरीचा संगणक असेल, तर आधी विचारा. काही कचेऱ्या स्वतःच प्रॉक्सी ठेवतात.) डीएनएसचा पत्ता 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

तरी नेट आले नाही? मग 'कमांड प्रॉम्प्ट' उघडायचा. साधा नव्हे, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून. त्यात इंग्रजी अक्षरांत तीन शब्द लिहा. पहिला एन-ई-टी-एस-एच. दुसरा डब्ल्यू-आय-एन-एस-ओ-सी-के. तिसरा आर-ई-एस-ई-टी. दोन शब्दांत एक जागा सोडा. एंटर दाबा. संगणक बंद करून पुन्हा चालू करा. फुटलेला दांड बांधायचे काम हे तीन शब्द करतात. अक्षरओळख असली की हे कुणालाही जमते.

नेट आले, की बँकेचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. बदल दुसऱ्या, चांगल्या यंत्रावरून केलेला बरा. जुना पासवर्ड हेराने बाहेर पोचवलेला असू शकतो.