एक पट्टा, दोन दुखणी

सेंधव्याच्या बाजाराला निघालेली आमच्या गटाची जुनी जीप पळासनेरच्या पुढे बिजासन घाटात तापली. काटा लाल खुणेवर गेला, बॅटरीचा दिवाही लागला. आम्हाला वाटलं, दोन बिघाड, दुप्पट खर्च. बॉनेट उघडलं तर फॅनबेल्ट सैल पडलेला!

जुन्या जीपमध्ये बहुधा हा एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो फिरवतो. तो घसरला की इंजिन तापतं आणि बॅटरीही भरत नाही. दोन्ही खुणा एकदम दिसल्या, तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा. तशीच रेटली तर हेड गॅसकेट जळतं आणि खर्च हजारांत जातो.

गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मग पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक, जास्त दबला तर ताणून घ्या. चिरलेला असेल तर बदलाच. पट्टा चांगला असेल, तर रेडिएटरचं पाणी आणि जाळीतला कचरा बघा.

इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 12 वरच अडकलं तर मिस्त्रीला डायनामो दाखवा.

आता बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आम्हीच पट्टा आणि पाणी बघतो. एक नवा पट्टा सीटखाली असतोच.