कळवा परिसराचे स्थलनिर्देशक नकाशे

ठाणे खाडीच्या पूर्व तीरावरील कळवा व त्यामागील पारसिकचा डोंगर यांचे भूरूप, जलप्रवाह, वस्ती व मार्ग प्रमाणबद्ध रीतीने दाखविणारे नकाशे. ते भारतीय सर्वेक्षण विभाग (स्थापना १७६७) तयार करतो. पूर्वी एका इंचास एक मैल (१:६३,३६०) हे प्रमाण रूढ होते; दशमान पद्धतीनंतर १:५०,००० हे प्रमाण आले. प्रत्येक पत्रक १५ मिनिटे अक्षांश-रेखांशांचे असते. ७३° पू. रेखावृत्त कळव्याला लागूनच जाते. त्यामुळे ठाणे शहर ४७ ए/१६ या पत्रकात, तर डोंबिवली ४७ ई/४ मध्ये येते. उत्तरेस १९° १५′ उ. अक्षवृत्त उल्हास नदीच्या पात्राला छेदते. साहजिकच नदीचे मुखाकडील खोरे सलग अभ्यासावयाचे, तर चार पत्रके जोडावी लागतात.

पारसिकच्या उतारावर समोच्चता रेषा दाट आहेत. १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग डोंगराच्या पायथ्याने मुंब्र्याकडे का वळला आणि १९१६ मध्ये सु. १·३ किमी. लांबीचा बोगदा का खोदावा लागला, हे त्यांवरून उमगते. खाडीकाठी मात्र नकाशा जवळजवळ मुका आहे. साधारणतः २० मी. अंतराने काढलेल्या रेषांपैकी पहिलीच या सखल पट्ट्याच्या वर राहते. जेथे एका मीटरच्या चढउतारावर भरतीचे पाणी घरात शिरणे न शिरणे अवलंबून असते, तेथे उंची दाखविणारी रेषाच नाही. तेथे आधार उरतो तो भरतीरेषा, दलदल, तिवरांची वने व मिठागरे यांच्या चिन्हांचा. खाजणांवर भराव पडून वस्ती उभी राहिल्यावर पाण्याच्या जुन्या वाटा शोधण्यास पूर्वीची पत्रके म्हणूनच विशेष उपयोगी पडतात.